तात्पुरतें झांकण

घर म्हटलें कीं झांकणें आलींच. सकाळीं दूध तापवून उतरलें कीं त्यावर झांकण, पिठाच्या डब्यावर झांकण, लोणच्याच्या बरणीस दादरा, परसांतील विहिरीच्या तोंडावर फळ्या. गृहिणीचा निम्मा दिवस कांहींतरी झांकण्यांत व उरलेला निम्मा तें उघडण्यांत जातो असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल, पण फार मोठी होणार नाहीं. ह्या नित्य व्यवहारांत एखादें झांकण मोडलें अथवा दुरुस्तीस गेलें, तर तेवढ्यापुरतें आपण हाताशीं येईल तें ठेवतों: ताटली, पाट, वर्तमानपत्राचा कागद. त्या ‘तेवढ्यापुरत्या’ झांकणाकडे कोणी विशेष लक्ष देत नाहीं. मींहि कधीं दिलें नव्हतें. तें द्यावयास मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं एका होडीनें शिकविलें, आणि त्या शिक्षणाची फी माझ्या नातवाच्या डाव्या हातानें भरली.

माझे वडील बंधु, ज्यांस आम्ही सर्वजण दादा म्हणतों, चाळीस वर्षें व्यापारी जहाजांवर नोकरी करून २०१० सालीं घरीं परत आले. दाभोळच्या खाडीकांठीं आमचें वडिलोपार्जित घर आहे. निवृत्त माणसानें सकाळीं देवपूजा करावी, दुपारीं वर्तमानपत्र वाचावें व संध्याकाळीं नातवंडांस गोष्टी सांगाव्या, अशी सर्वांची अपेक्षा होती. दादांनीं ह्या तिन्ही गोष्टी केल्या. पण त्यांच्या जोडीला अठ्ठावीस फूट लांबीची एक जुनी लांकडी होडीहि विकत घेतली. वहिनी थट्टेनें तिला आपली सवत म्हणत. भरतीच्या वेळीं ती खाडींत तरंगे, ओहोटीला चिखलांत अंग टाकून बसे, आणि दादा दोन्ही वेळीं तिच्यापाशींच सांपडत. मीं जन्मभर शाळेंत मुलांस भूगोल शिकविला. भरती-ओहोटीचीं कारणें व वाऱ्यांच्या दिशा मला तोंडपाठ. परंतु होडीवर पाऊल ठेवलें कीं मी दादांचा केवळ गडी होत असें.

ज्यांनीं होडी दुरूनच पाहिली असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. अशा होडीचें पोट उघडें नसतें. त्यावर फळ्यांची जमीन घातलेली असते. तिला तूतक म्हणतात. पोटांत उतरण्यासाठीं तूतकाला चौकोनी तोंडें ठेवलेलीं असतात. आमच्या होडीला अशीं दोन तोंडें होतीं: नाळेजवळचें दोन फूट चौरस, व मधलें चार फूट लांब आणि तीन फूट रुंद. प्रत्येक तोंडाभोंवतीं लांकडाचा उभा कांठ व त्यावर घट्ट बसणारी झडप. कांठ अशासाठीं कीं, तूतकावर आलेलें पाणी तोंडांत न शिरतां बाजूनें वाहून जावें. मोठ्या जहाजांवर हा कांठ किती उंच असावा हें १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानें ठरविलें आहे. जहाजाच्या सर्वांत उघड्या जागीं तो निदान ६०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें दोन फूट, लागतो. आमच्या होडीचा कांठ जेमतेम चार बोटें उंच होता.

२०२१ च्या उन्हाळ्यांत ह्या दोन्ही झडपा दुरुस्तीला आल्या. मधल्या झडपेचा एक कोपरा कुजला होता, आणि दोहोंखालच्या रबरी पट्ट्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळें सर्वत्र निर्बंध होते. शाळा बंद, पुण्याचीं मुलें-सुना-नातवंडें घरीं आलेलीं, घर माणसांनीं भरलेलें. दादांनीं झडपा काढून पलीकडच्या तीरावरील एका ओळखीच्या सुताराकडे नेल्या. कुजकें लांकूड कापून काढावयाचें, जुन्या सागाचा तुकडा सांधावयाचा, आणि सांधा चिकटविण्यापूर्वीं लांकूड पुरतें वाळूं द्यावयाचें. कारण ओलें लांकूड सांधा धरीत नाहीं. दादा स्वतः दोन रात्री तेथेंच राहणार होते. निघतांना ते मला एवढेंच म्हणाले, “वळिवाचीं चिन्हें आहेत. तोंडें झांकून ठेव.”

मीं तीं झांकलीं. घरांत राखाडी रंगाची एक ताडपत्री होती. तिचे दोन तुकडे करून, एकहि सुरकुती राहूं नये अशा रीतीनें ताणून, मीं ते कांठाभोंवतीं सुंभानें करकचून बांधले. कांठ चार बोटांचा, ताडपत्री राखाडी, आणि तूतकाच्या फळ्याहि उन्हापावसानें राखाडी झालेल्या. तेथें भोंक आहे अशी पाहणाऱ्यास शंकाहि येऊं नये, इतकें तें काम सफाईदार झालें होतें. मीं दोन पावलें मागें सरून स्वतःच्या कारागिरीकडे कौतुकानें पाहिलें, हें मला आजहि आठवतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं दादांचा धाकटा नातू माझ्याबरोबर किनाऱ्यावर आला. वय नऊ वर्षें. ओहोटी होती. मी होडीशेजारीं बसून नांगराच्या दोराची गुंतवळ सोडवीत होतों. त्यानें विचारलें, “धाकटे आजोबा, वर जाऊं का?” मीं मान वर न करतां म्हटलें, “जा.”

पुढचें सारें दोन क्षणांत झालें. तूतकावर धांवण्याचा आवाज, मग कापड झटकल्यासारखा एक आवाज, आणि मग कांहींच नाहीं. मी वर चढलों तेव्हां मधल्या तोंडावरील ताडपत्री एका बाजूनें सुटून आंत लोंबत होती, आणि चार-साडेचार फूट खालीं, इंजिनाच्या शेजारीं, तो डावा हात उराशीं धरून बसला होता. रडत नव्हता. मनगटाजवळचें हाड मोडलें होतें. इंजिनाचें लोखंडी चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होतें. त्या वीतभर जागेकडे मीं पुढें कितीदां तरी पाहिलें आहे.

तालुक्याच्या गांवीं जाऊन हात प्लास्टरमध्यें घालून आणला. त्या दिवसांत दवाखान्याची पायरी चढणें हेंच एक संकट होतें. दुपारीं घरीं आलों तों सर्वांनीं एकच प्रश्न केला, “असा कसा पडला?” माझ्या तोंडून उत्तर गेलें, “मुलें सांगितलेलें ऐकतात कां? धांवत सुटला.”

शब्दशः पाहिलें तर वाक्य खोटें नव्हतें. मुलें पुष्कळदां ऐकत नाहींत, आणि तो धांवलाहि होता. पण तें वाक्य मीं अशा सफाईनें ताणून बसविलें होतें कीं त्याच्याखालीं भोंक आहे हें कोणास दिसूं नये. सूनबाई मुलावर रागावली. वहिनींनीं “किती हूड रे तूं” म्हणून त्याला जवळ घेतलें. त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. “मीं विचारलें होतें” असें तो म्हणाला नाहीं. नऊ वर्षांच्या मुलानें माझी लाज राखली, आणि मीं ती त्याला राखूं दिली.

दादा संध्याकाळीं आले. नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून ते प्रथम होडीकडे जाऊन आले. मला कांहींच बोलले नाहींत. रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी ओटीवर बसली असतां त्यांनीं मुलांस एका जहाजाची हकीकत सांगितली.

‘डर्बीशायर’ नांवाचें एक प्रचंड ब्रिटिश मालवाहू जहाज ९ सप्टेंबर १९८० रोजीं जपानजवळ तुफानांत सांपडून नाहींसें झालें. दादा त्या वेळीं ऐन नोकरींत होते, आणि दर्यावरच्या सर्व लोकांत त्याचीच चर्चा होती. त्यावर ४४ माणसें होतीं. एकहि वांचलें नाहीं. संकटाचा संदेशसुद्धां आला नाहीं. १९९४ सालीं त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशीं, चार किलोमीटरहून अधिक खोलीवर सांपडले. त्यांचीं छायाचित्रें तपासून तज्ज्ञांनीं १९९८ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, नाळेकडील एका लहान कोठाराची झडप खलाशांनीं नीट बंद केलेली नव्हती व तेथून पाणी शिरलें. मेलेल्या माणसांस उत्तर देतां येत नाहीं. त्यांचीं कुटुंबें मात्र गप्प बसलीं नाहींत. फेरचौकशी झाली, आणि २००० सालीं न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं खलाशांचा दोष नव्हता. लाटांच्या माऱ्यानें पुढच्या तूतकावरील हवेच्या नळ्यांचीं तोंडें तुटलीं. त्या लहान भोंकांतून नाळेच्या पोकळ्यांत पाणी भरत गेलें. नाळ हळूहळू खालीं दबली. आणि मग मोठ्या लाटांचा भार मालाच्या पहिल्या कोठारावरील झडपेवर येऊन ती कोसळली.

मुलें स्तब्ध झालीं होतीं. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या नातवानें विचारलें, “मग त्यांची चूक नव्हती हें सगळ्यांना सांगितलें का?”

“सांगितलें,” दादा म्हणाले. “सगळ्या जगासमोर जाहीर केलें.”

दादांस कांहीं ठाऊक होतें कीं नाहीं, हें मीं त्यांस पुढें कधीं विचारलें नाहीं. मी तेथेंच, सर्वांच्या देखत म्हणालों, “त्यानें मला विचारलें होतें. मींच त्याला ‘जा’ म्हटलें. आणि खालीं आधार न देतां ताडपत्री मींच ताणली.” कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाई उठली आणि मुलाजवळ जाऊन बसली. पुढें दोन दिवस ती माझ्याशीं कामापुरतेंच बोलली. तें योग्यच होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांनीं मला होडीवर नेलें. “ताडपत्री पाणी अडविते, माणूस अडवीत नाहीं,” ते म्हणाले; “आणि तुझी ही तर पाणीहि अडविती ना.” त्यांनीं तेथल्या तेथें हिशेब मांडला. तोंड बारा चौरस फुटांचें. ताडपत्री कितीहि ताणली तरी पहिल्या सरीनें ती मधोमध थोडी दबणारच. तीवर एक इंच पाणी सांचलें कीं एक घनफूट झालें. म्हणजे अठ्ठावीस लिटर, वजनानें अठ्ठावीस किलो. त्या वजनानें ती आणखी दबणार, आणखी पाणी धरणार, आणि शेवटीं एकदम सगळें पाणी पोटांत ओतून मोकळी होणार. भूगोलाच्या शिक्षकास हें सुचूं नये, ह्याचें मला मनांतल्या मनांत फार वाईट वाटलें.

मग खरें झांकण तयार झालें. पाऊण इंच जाडीचा प्लायवूड तोंडापेक्षां चारी बाजूंनीं तीन तीन बोटें मोठा कापला. त्याच्या खालच्या अंगास, कांठाच्या आंत नेमक्या बसतील अशा चार लांकडी पट्ट्या मारल्या. त्यामुळें झांकण कोणत्याहि दिशेस सरकेना. वर मधोमध एक जाड पट्टी ठेवून तीवरून ताडपत्री घातली, म्हणजे कौलारू छपराप्रमाणें पाण्याला दोन्हीकडे उतार. कोपऱ्यांवर जुन्या धोतराच्या चिंध्यांची गादी केली, कारण वाऱ्यानें फडफडणारी ताडपत्री कोपऱ्यावरच प्रथम झिजून फाटते. ताडपत्रीच्या कडा कांठाच्या बाहेरून तळापर्यंत ओढून दोरीनें आवळल्या. मीं सोयीसाठीं तूतकांत चार खिळे ठोकूं लागलों तों दादांनीं हातोडी धरली. “चार दिवसांच्या झांकणासाठीं जन्माचीं भोंकें कशाला?” शेवटीं आम्ही दोघे म्हातारे त्या झांकणावर एकदम उभे राहिलों. तें करकरलेंहि नाहीं.

दादांच्या तरुणपणीं जुन्या जहाजांवर मालाचीं कोठारें अशाच रीतीनें झांकीत. तोंडावर लोखंडी तुळया आडव्या टाकावयाच्या, त्यांवर सुट्या लांकडी फळ्या, फळ्यांवर दोन-तीन ताडपत्र्या, कडेनें लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्यांमागें लांकडी पाचरी. बाजूच्या पाचरी नेहमीं नाळेकडून मागच्या दिशेनें ठोकीत. समोरून येणाऱ्या लाटेनें त्या सैल न होतां अधिकच घट्ट बसाव्या हा त्यांतला हेतु. झांकण होडीला बांधून ठेवण्याविषयींहि दादा मोठे काटेकोर होते. १९७९ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून आयर्लंडजवळील फास्टनेट खडकास वळसा घालून परत येण्याच्या शर्यतींत ३०३ नौका निघाल्या असतां वादळ झालें, आणि शर्यतींतील १५ जण मेले. कित्येक नौका आडव्या झाल्या तेव्हां खोलींत उतरण्याच्या दाराच्या फळ्या निसटून समुद्रांत गेल्या, आणि नौका सरळ होतांच उघड्या दारांतून पाणी आंत आलें. चौकशीअंतीं सांगण्यांत आलें कीं, अशीं झांकणें पक्कीं बसलीं पाहिजेत. पण तीं आंतून व बाहेरून, दोन्हीकडून उघडतांहि आलीं पाहिजेत. हें दुसरें वाक्य दादांनीं मला दोनदां ऐकविलें. झांकण असें नसावें कीं आंतल्यास बाहेर येतां येऊं नये.

एक काम राहिलें होतें. आमच्या लहानपणीं परसांतील विहिरीच्या फळ्या बदलावयाच्या असत, तेव्हां आजी तोंडावर बांबू व नारळीचे झाप टाकून त्यांवर तांब्याची घागर उपडी घालीत असे. झाप म्हणजे जमीन दिसे, पण घागर उन्हांत चमके, आणि पोर तिच्यापासून दहा हात दूर राही. ती आठवण दादांनीं काढली. त्यांनीं तांबड्या रंगाचा डबा नातवापुढें ठेवला. त्यानें मोकळ्या उजव्या हातानें दोन फळकुटांवर लिहिलें, “खालीं भोंक आहे”. त्याखालीं दादांनीं तारीख घालावयास लावली. “कायमच्या वस्तूला तारीख नसली तरी चालते,” ते म्हणाले, “तात्पुरतीला पाहिजेच. नाहीं तर ती तात्पुरती आहे हें आपणच विसरतों.” फळकुटें झांकणांवर उभीं बांधलीं, आणि प्रत्येकास तांबडी चिंधी लावली.

आठवडाभरानें, १६ मे रोजीं, तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याबाहेरून गुजरातेकडे निघालें. आदल्या वर्षीं, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळानें दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या होत्या, तें सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. झडपा अद्याप सुताराकडे, निर्बंधांमुळें सागाचा तुकडाच मिळालेला नव्हता. आम्हीं होडीचे दोर दुहेरी केले, नाळेकडचें झांकण आंतून आवळलें, मग मधल्या तोंडांतून वर येऊन तें बाहेरून बांधलें, आणि घरीं येऊन दारें लावून बसलों. रात्रभर वारा व पाऊस. पहांटे वीज गेलेली, अंगणांत माडाच्या झावळ्यांचा खच. दुपारीं उसंत मिळतांच खाडीवर गेलों. होडी जागच्या जागीं होती. दादांनीं दोरी सोडून मधलें झांकण उचललें आणि बॅटरीचा झोत आंत टाकला. तळाशीं तांब्याभर पाणी होतें, तेंहि फळ्यांच्या फटींतून पाझरलेलें. इंजिन कोरडें होतें. त्याच्या लोखंडी चाकाकडे माझें लक्ष गेलें, आणि दादांचेंहि गेलें असावें. आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं.

वादळानंतर दादा उघडीप मिळेल त्या दिवशीं झांकणें दोन तास काढून ठेवीत. बंद पोटांत उन्हाळ्याची वाफ कोंडली कीं लांकूड आंतून बुरसतें. पाणी शिरूं द्यावयाचें नाहीं हें झांकणाचें काम खरें, पण वारा मुळींच लागूं द्यावयाचा नाहीं हें त्याचें काम नव्हे.

वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं होडी असेल. परंतु गच्चीवरील पाण्याच्या टाकीचें झांकण फुटलेलें असतें, अंगणांतील गटाराची फरशी बदलावयाची असते, जिन्याची एक पायरी काढलेली असते, आणि गवंडी किंवा सुतार ‘उद्यां येतों’ म्हणून गेलेला असतो. त्या उद्यांपर्यंत आपण वर एखादें पोतें किंवा पत्रा टाकतों. तो टाकण्यापूर्वीं इतकेंच पाहावें कीं तो माणसाचा भार सोसतो कीं नाहीं, आणि सोसत नसेल तर खालीं भोंक आहे हें तो स्पष्टपणें सांगतो कीं नाहीं. शब्दांच्या झांकणांविषयींहि मला हेंच म्हणावयाचें आहे. एकत्र कुटुंबांत वेळ मारून नेणारीं उत्तरें आपण सर्वच देतों. पण त्यांवर सुद्धां तारीख घालावी, आणि खरी झडप होईल तितक्या लवकर आणून बसवावी.

आमच्या झडपा जूनमध्यें तयार झाल्या, पण तोंवर पावसाळा लागून होडी किनाऱ्यावर ओढली गेली होती व झापांनीं शाकारली होती. नारळी पौर्णिमा झाल्यावर त्या बसविल्या. मधल्या झडपेवर प्रथम कोणी उभें राहावें ह्याविषयीं वाद झाला नाहीं. नातवानें माझा हात धरून मलाच उभें केलें, आणि मग तोहि शेजारीं चढला. तात्पुरतीं झांकणें माळ्यावर ठेवलीं आहेत. ठेवण्यापूर्वीं दादांनीं तीं निघाल्याची तारीखहि त्याच्याकडून लिहून घेतली. फळकुटांवर त्या दोन्ही तारखा तांबड्या रंगांत आहेत. पहिलीचीं अक्षरें वांकडीं आहेत, कारण फळी धरावयास त्याचा दुसरा हात मोकळा नव्हता. दुसरीचीं सरळ आहेत.